रिकाम्या ब्रेकवरचा पाय

भुताखेतांवर, करणीवर, अंगात येण्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. आजही नाही. मी मूळचा डिंगोऱ्याचा. बारावी ओतूरला काढली, मग मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि गेली कित्येक वर्षं चाकणला एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. बिघडलेला पार्ट टेबलावर आला की तो का बिघडला ते शोधायचं, हीच माझी भाकरी. ‘कारण सापडलं नाही’ असं लिहून आणलेला कागद मी सरळ परत पाठवतो… असा माणूस हे लिहितोय, एवढं ध्यानात ठेवा.

आणखी एक. यात थोडी फुशारकी येणार. ती काढली तर गोष्टच उरत नाही, म्हणून राहू देतो. २००३ च्या सुमाराला आमच्या पट्ट्यात मोटरसायकलचं पुढचं चाक उचलणारी पोरं बरीच होती. पण उचललेलं चाक अलगद, आवाज न करता खाली ठेवणारा मी एकटाच होतो. हे मी म्हणत नाही, तेव्हाची पोरं अजून म्हणतात.

आणि ते मला शिकवलं दशरथ वस्तादांनी.

ओतूरला एसटी स्टँडच्या मागच्या अंगाला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. तरुणपणी ते घोडेगावला मेकॅनिक होते. दुरुस्त केलेली गाडी ट्रायलच्या नावाखाली भीमाशंकरच्या रस्त्याला न्यायची आणि मोकळा चढ दिसला की एका चाकावर उभी करायची, हा त्यांचा नाद. काकूही तिकडच्याच, आंबेगाव तालुक्यातल्या. “मला बघायला आले ते येका चाकावर,” काकू सांगायच्या. “माझा बाप म्हनला, ह्यो मानूस दोन चाकं असून येकच वापरतोय, संसार काटकसरीनं करंल.” वस्ताद मिशीतल्या मिशीत हसायचे.

पहिले दोन महिने त्यांनी मला चाक उचलूच दिलं नाही. माझी गाडी म्हणजे सेकंडहँड घेतलेली शंभर सीसीची टू-स्ट्रोक. ती मेन स्टँडला लावायची, गियर टाकून मागचं चाक फिरतं ठेवायचं आणि ते सांगतील तेव्हा उजव्या पायाने ब्रेक दाबायचा. चाक थांबता कामा नये, नुसतं मंदावलं पाहिजे. थांबलं की डोक्यात टपली. “अंड्यावर पाय ठिवलाय असं समज,” ते म्हणायचे.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाक उचलणं हे उजव्या हाताचं, म्हणजे थ्रॉटलचं काम. ते कुणालाही जमतं. पण चाक फार वर गेलं की नवखा माणूस घाबरून थ्रॉटल एकदम सोडतो. मग चाक दाणकन आपटतं, हँडल हातातून सुटतं, दात पडतात. आणि गाडी एका ठरावीक टोकाच्या पलीकडे कलली तर थ्रॉटल सोडूनही काही होत नाही, ती मागे उलटणारच. तिथे एकच उपाय, मागचा ब्रेक. जरासा दाबला की वर गेलेलं नाक मुकाट खाली येतं. वस्तादांचं सगळं शास्त्र एका ओळीचं होतं – “हात उचालतो, पाय उतरवतो. पाय ब्रेकवरनं हालला की खेळ खलास.”

हे ते स्वतःच्या अनुभवावरून सांगत होते. चार वर्षांपूर्वी, नव्याण्णव साली, शेजारच्या गावच्या जत्रेत त्यांचा स्वतःचा पाय ब्रेकवरून हलला होता. गावाचं नाव देत नाही, ओळखणारे ओळखतील. आमच्याकडे घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीची चढाची धावपट्टी. त्या घाटात, गाडे सुटायच्या आधी, वस्तादांनी एका चाकावर गाडी काढली होती. निम्म्यात लोकांनी टोप्या उडवल्या, आणि या गड्याने खुशीत येऊन उजवा पाय उचलून लोकांना सलाम केला… पायाने. गाडी उलटली, मणक्याला मार बसला. उजवा पाय गुडघ्यापासून खाली गेला तो गेलाच. पुण्याच्या डॉक्टरांनी तळव्यात सुई टोचली, ह्यांना पत्ता नाही.

पायापेक्षा जास्त लागली ती बोलणी. “दशरथाला गाडी पेलली नाय.” दर जत्रेला लाऊडस्पीकरवरून कुणीतरी चिमटा काढायचा. मी वस्तादांना एकदाच रडताना पाहिलंय, त्या स्पीकरचा आवाज ऐकून. त्याच दिवशी ठरवलं, त्याच घाटात, त्यांच्याच नावाने मी गाडी काढणार.

जत्रेच्या कमिटीत आण्णा म्हणून वजनदार म्हातारे होते. त्यांनी साफ नकार दिला. “येक मानूस जायबंदी झालाय, दुसरा नगं. पोरगं पडलं तर जबाबदारी कोनाची?”

वस्ताद कुबड्यांवर उभे होते. म्हणाले, “माझी. त्यो पडला तर दुसऱ्या दिशी माझ्या गॅरेजला कुलूप, आन् चावी तुमच्या हातात.”

घर त्या गॅरेजवर चाललेलं. मी बाहेर येऊन म्हटलं, वस्ताद, हे कशाला बोललात? तर म्हणाले, “तुला पडायचंय का? न्हाई ना? मंग झालं तर.”

जत्रेचा दिवस. चैत्रातलं ऊन, सकाळचे साडेनऊ-दहा झाले असतील. मी घाटाच्या तळाला, माझा मित्र संत्या सोबतीला. घाटाच्या माथ्यावर, चारेकशे फुटांवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लाकडी खुर्चीवर वस्ताद बसलेले, शेजारी काकू. वरून तळ दिसत नाही, कारण तिथे बैलांसाठी मांडव घातलेला असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आण्णा पूजेचं ताट घेऊन आले. म्हणाले, “बूट काढ. घाट पुजलाय, देवाच्या वाटंनं पायतान घालून जायाचं न्हाई.” आता बुटाशिवाय गाडीला हात लावायचा नाही, ही वस्तादांची सक्त ताकीद. पण समोर आण्णा, चार माणसं बघताहेत… काढले बूट. मग त्यांनी गाडीला हळदकुंकू लावलं, भंडारा उधळला आणि नारळ फोडायला दगड जवळ नव्हता म्हणून तो उजव्या बाजूच्या फुटरेस्टवर आपटून फोडला. नारळाचं पाणी सगळं ब्रेकच्या पेडलवर. वर भंडारा पडलेला. पिवळा, चिकट लेप झाला नुसता.

मी खिशातून फडकं काढलं, तर आण्णा डाफरले, “पुसतूस काय? पूजा हाय ती.”

आमच्याकडे पूजा केलेली गाडी पुसत नाहीत, ते तुम्हालाही माहीत असेल. नव्या ट्रॅक्टरचं कुंकू आपोआप उडेपर्यंत ठेवतात. मी देव न मानणारा, दोन महिने अंड्यावर पाय ठेवायला शिकलेला शहाणा… मी फडकं परत खिशात घातलं. चूक माझी. पेडल ओलं आहे हे मला दिसत होतं, आणि मी म्हणालो, चालतंय.

निशाण पडलं. क्लच सोडला, थ्रॉटल दिला, चाक उठलं. काय सांगू राव तुम्हाला! दोन्हीकडे माणसांच्या भिंती, हलगी कडाडतेय, “येळकोट येळकोट” चाललंय आणि मी एका चाकावर, पोटऱ्या सैल, नजर लांब, पाय पेडलवर हलका. चाक हवेत असतानाच दुसरा गियर टाकला. ते बघून म्हातारी माणसं उठून उभी राहिली म्हणे. स्पीकरवाला ओरडला, “दशरथ वस्तादाचा गडी!” चार वर्षांत पहिल्यांदा त्या स्पीकरवरून ते नाव धडपणे घेतलं गेलं. माझ्या अंगावर काटा आला.

पाऊण घाट झाला आणि चढ अचानक वाढतो तिथे पोहोचलो. चढावर गाडी अगोदरच नाक वर करून असते, त्यामुळे उलटायचं टोक लवकर येतं. चाक वर सरकायला लागलं. मी सवयीने ब्रेक दाबला – आणि उघडा पाय त्या चिकट लेपावरून सटकला. नुसता सटकला नाही, पार खाली हवेत लोंबकळला. झटक्याने मी सीटवर मागे गेलो, आणि मागे जाताना मूठ आणखी पिळली गेली. हात चुकला, पायही चुकला. समोर हँडल दिसत होतं आणि हँडलच्या पलीकडे नुसतं आभाळ.

गाडी त्या टोकाच्या पलीकडे गेली होती. हे मी आज डिप्लोमा घेतलेल्या डोक्याने सांगतो, तिथून गाडी आपण होऊन परत येत नाही. मला कुलूप दिसलं. खरंच सांगतो, माझा मणका वगैरे काही नाही, गॅरेजच्या दाराला लावलेलं पितळी कुलूप दिसलं.

आणि ब्रेक लागला.

मागचं चाक मंदावल्याचं सीटमधून कळलं. थांबलं नाही, मंदावलं. नाक खाली आलं, अगदी हळू… आणि पुढचं चाक जमिनीला टेकलं ते न आपटता. वस्ताद टेकवायचे तसं.

माझा उजवा पाय अजून हवेतच होता.

उरलेला घाट मी पाय पेडलवर नीट टेकवून परत एका चाकावर काढला. कुठून हिंमत आली, माहीत नाही. माथ्यावर पोहोचलो तर लोकांनी गाडीसकट उचलायचंच बाकी ठेवलं होतं. त्यांना वाटलं, मधेच चाक टेकवून परत उचलणं हा खेळाचाच भाग. आण्णांनी स्वतः वस्तादांच्या गळ्यात हार घातला.

संत्या धापा टाकत वर आला. त्याचा चेहरा पांढराफटक. मला बाजूला ओढून म्हणाला, “तुझा पाय निसटला ना रं? मी मागनं बघितलं. पाय लोंबत व्हता.”

“हो.”

“मंग लाल दिवा कसा लागला?”

आता हे नीट ऐका. माझ्या गाडीला पुढच्या ब्रेकपासून दिव्याकडे जाणारी वायरच जोडलेली नव्हती, मीच काढून ठेवली होती. मागचा लाल दिवा फक्त पायाचं पेडल दाबलं तरच लागायचा. पाय हवेत आणि दिवा चालू. संत्या एकटा नाही, आणखी दोघांनी पाहिलं.

गर्दी पांगल्यावर मी ट्रॉलीपाशी गेलो. काकू सांडलेल्या डब्यातली उसळ गोळा करत होत्या. मला म्हणाल्या, “आरं, ह्यांचा पाय हालला.”

मला कळेना. त्या सांगायला लागल्या. “चार वर्सं झाली, म्या रोज त्या पायाला तेल लावती, उचालती, ठिवती. आपनहून कंदी बोट हाललं न्हाई. आन् आत्ता, तू तिकडं वर गेलास आन् ह्यांनी पाय असा ट्रॉलीच्या पत्र्यावर दाबला… आपटला न्हाई, दाबला. डबा कलांडला माझा. पत्रा खाली गेला बघ.”

मी पाहिलं. पत्र्याला खळगी होती. ट्रॉली जुनी, खळगी आधीची असू शकते, हेही सांगून ठेवतो.

मी वस्तादांकडे वळलो. मला वाटलं, आता शाबासकी देतील, आणि मी मनाशी ठरवत होतो की पाय निसटल्याचं यांना कधीच सांगायचं नाही. त्यांनी खुणेने जवळ बोलावलं. कानाशी तोंड आणून, कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, “पेडल वलं का ठिवलंस?”

नारळ फोडला तो मांडवाच्या आड, तळाला. संत्या तोपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता. मीही नाही.

“तुम्हाला कसं कळलं?”

“चिकाट लागलं पायाला,” ते म्हणाले, आणि उजव्या पायाकडे असं बघितलं जसं बऱ्याच दिवसांनी कुणी पाव्हणा घरी आलाय.

मी मान खाली घातली. म्हटलं, “वस्ताद, मी नाही उतरवली. माझा पाय नव्हता ब्रेकवर.”

त्यांनी माझी मान धरून वर केली. डोळे भरले होते, पण हसत होते. “उतरवली कोनी ते सोड. दुसरा गियर हवंत टाकलास ना? त्यो मलाबी जमला नव्हता कंदी. आज माझ्या घाटात माझ्या पोरानं टाकला.” त्यांना मूलबाळ नव्हतं. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आज पहिल्यांदा लिहितोय.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला कुलूप लागलं नाही. आम्ही तिथेच मागचं चाक काढलं. ड्रम उघडला. ब्रेक शू नीट, स्प्रिंग नीट, रॉड सरळ, कुठेही अडकल्याची खूण नाही. दिव्याचा स्विच शंभर वेळा दाबून पाहिला, पेडल दाबल्याशिवाय एकदाही लागला नाही. साखळी आखडली असेल, दगड लागला असेल, अशी कारणं मीही लावून पाहिली. चाक आखडलं तर जाम होतं. ते अंड्यावर पाय ठेवल्यासारखं मंदावत नाही.

वस्तादांचा पाय त्यानंतर पुन्हा कधीच हलला नाही. पुढे सात वर्षं ते होते, गॅरेज चालू होतं आणि जत्रेत त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची असायची. मी मात्र त्या दिवसानंतर गाडीची पूजा झाली की सगळ्यांसमोर पेडल पुसतो. लोक नाव ठेवतात, ठेवू देत.

माझ्या टेबलावर हा कागद कुणी आणला असता तर मी परत पाठवला असता. कारणाचा रकाना कोरा आहे आणि इतक्या वर्षांत मला तो भरता आलेला नाही. त्या घाटात ती गाडी उचलणारा हात माझा होता, हे मी कुठेही छाती ठोकून सांगेन. उतरवणारा पाय माझा नव्हता.