बॉनेटवरचा टवका

रंगलेल्या गाड्या तपासणं हे माझं काम. चाकणच्या कंपनीत, ट्यूबलाइटच्या रांगेखाली, दिवसभर तेच. तळहात फिरवला की मोहरीएवढा दाणाही मला लागतो. या बाईची नजर लई वाईट, असं लाइनवर म्हणतात. म्हणू देत.

घरची गाडी मात्र मी धाकट्या भावाकडून सेकंडहँड घेतली. थेरगावात त्याचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. "ताई, कंपनीचाच रंग हाय, कुठंच हात लावलेला न्हाई. तूच बघ की," म्हणत त्यानं मला दिव्याखाली ओढलं.

"गप रे. तुझी गाडी मी तपासू होय?" म्हणाले आणि चावी घेतली.

पुढं चाकण रस्त्यावर एका डंपरमधून खडी उडाली आणि बॉनेटचा बारीक टवका गेला. डंपरला इतकं चिकटून चालवायचं नसतं, हे मीच जगाला सांगत असते. उघडा पत्रा गंजतो म्हणून रविवारी टचअपची बाटली आणली. कडा सारख्या करायला ओला पॉलिश पेपर हलकाच फिरवला, तर नखाएवढा पापुद्राच हातात आला. खाली पिवळट पुट्टी, आणि पुट्टीच्या खाली लाल रंग. माझी गाडी पांढरी. म्हणजे बॉनेट दुसऱ्याच गाडीचं. बॉनेट बदलायची वेळ येते ती समोरून ठोकलेल्या गाडीवर, आणि त्याच गाडीत लेकीला शेजारी बसवून मी रोज रावेतच्या शाळेत सोडत होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तशीच गॅरेजवर गेले आणि पापुद्रा त्याच्या हातावर ठेवला.

"व्हय, ठोकलेली होती," तो म्हणाला. "पण मी कुठं लपवलं? दिव्याखाली नेलं होतं ना तुला?"

"आणि मी बघितलं असतं तर?"

"तू न्हाई बघणार, ठाऊक होतं मला."

हे तो अगदी सहज बोलला, चहा घेतेस का विचारावं तसं. फसवलं याचा राग आलाच, पण माझ्या मायेवर भरवसा ठेवून फसवलं, हे फार लागलं.

टवका मीच बुजवला. पातळ थर, वाळवणं, पुन्हा थर, मग पॉलिश. आता माझ्याही हाताला लागत नाही. लेकीला मात्र मागं बसवते.

भाऊबीजेला तो आला, हसत पाटावर बसला. ओवाळताना निरांजनाचा उजेड त्याच्या तोंडावर पडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या भावाचा चेहरा तपासून पाहिला.