साफ केलेला आवाज

एका वारलेल्या टेलरमास्तरांच्या शिलाई मशीनचा आवाज मी कायमचा पुसून टाकला. तोही सर्टिफिकेट मिळणाऱ्या कार्यशाळेत, सगळ्यांच्या टाळ्या घेऊन. माझ्या नातीला हे सांगितलं तेव्हा ती मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आजी, बॅकअप नव्हता का?" नव्हता, बाळा. असता तर तुझ्या आजीला लिहायला काय उरलं असतं?

तेव्हा मी इथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती आणि गावाच्या पाट्यांवर अजून औरंगाबाद होतं. त्या उन्हाळ्यात आमचे मिस्टर गेले. दुखणं लांबलं होतं, त्यामुळं सगळ्यांची रडायची तयारी आधीच झालेली, माझीच नव्हती. मला काही होतच नव्हतं. भूक लागायची, झोप यायची, पेपर वाचायचे. दहाव्याला माझी नणंद शेजारणीला म्हणाली, दगड आहे ही बाई, डोळ्याला पाणी नाही. मी आत लिंबं कापत होते. ऐकलं, आणि उरलेली लिंबं कापली.

दिवाळीच्या सुट्टीत मानव्य शाखांचे प्राध्यापक आणि ग्रंथपाल यांच्यासाठी 'डिजिटल पद्धती' शिकवणारी कार्यशाळा निघाली. सुट्टीत जायला कुणी तयार होईना, म्हणून प्राचार्यांनी माझं नाव दिलं. बाईंचं मन रमेल, असंही कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं असणार. मी गेले. घरी बसून भिंत बघायची ती तिथं बसून पडदा बघायचा, एवढाच फरक.

पहिला अर्धा दिवस दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ आणि भाषणं यांत गेला, उरलेला अर्धा एक्स्टेंशन बोर्ड शोधण्यात. इतिहासाचे एक सर माऊस उलटा धरून बसले होते आणि बाण खाली का जातो म्हणून कंपनीला दोष देत होते. मी त्यांना हसले. हे लक्षात ठेवा, मी हसले होते. दोन माणसांना एक कॉम्प्युटर, असा हिशेब होता. पेन ड्राइव्ह लावायला सक्त मनाई, कारण लॅबच्या साहेबांना व्हायरसची फार धास्ती. ज्यानं त्यानं केलेलं काम शेवटच्या दिवशी सीडीवर मिळणार होतं.

माझ्या वाट्याला आपा आल्या. सिल्लोडला एका कॉलेजात उर्दू शिकवायच्या, राहायला पडेगावला. रोज अख्खं शहर ओलांडून नोकरीला जाणाऱ्या बाईला जसा एक कोरडा दम असतो तसा त्यांना होता. वयानं माझ्याच आसपास, पण सगळे आपा म्हणायचे म्हणून मीही आपाच म्हणायचे, आणि त्या मला ताई. आमचं चांगलं जमलं, कारण दोघींनाही फार बोलायचं नव्हतं.

आपांनी एक कॅसेट आणली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर आपल्या अम्मीला बोलतं केलं होतं. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत सिल्लोडकडचं गाव सोडून हे कुटुंब शहरात कसं आलं, ते अम्मी सांगत होत्या. आता अम्मीही नव्हत्या आणि अब्बाही. ती कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायची आणि तिच्यात कुठल्या मिनिटाला काय आहे त्याच्या खुणा करायच्या, असं आपांचं काम ठरलं. शिकवायला पुण्याहून एक मुलगी आली होती, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची, हुशार आणि घाईची. तिनं कॅसेट लावली. आवाज सगळा उतरला आणि अगदी शेवटाला पट्टी आत गुंतून तुटली. ती म्हणाली, मॅडम, पट्टीवरचा लेप पार सुटत चाललाय, ही आता पुन्हा चालणार नाही, पण काळजी करू नका, आपल्याकडं फाईल आली आहे. आपांनी तुटकी कॅसेट रुमालात बांधून पर्समध्ये ठेवली.

त्या फाईलमध्ये त्यांचा जीव का अडकला होता ते मला नंतर कळलं, पण वाचणाऱ्याला मी आधीच सांगते. माझ्यासारखं आंधळं राहू नका. आपांचे अब्बा टेलर. शहरात आल्यावर गुलमंडीच्या एका बोळात त्यांनी दुकान टाकलं, शेरवान्या शिवल्या, पुढं शाळेचे गणवेश शिवले, म्हातारपणी मशीन घरी आणून खिडकीपाशी मांडली. पोलीस ॲक्शनच्या त्या धामधुमीत त्यांचा मोठा भाऊ गावात राहिलेल्या शेळ्या आणायला म्हणून घराबाहेर पडला तो परत आला नाही. अब्बा त्यावर जन्मभर एक अक्षर बोलले नाहीत. आपा टेपरेकॉर्डर पुढं करायच्या, तर ते म्हणायचे, मला काम आहे, तुझ्या अम्मीला विचार. मग अम्मी बोलायच्या आणि अब्बा मागं मशीन चालवत बसायचे. टेपवर अम्मीच्या आवाजामागं ती घरघर सबंध होती. फक्त काही ठिकाणी ती थांबायची. अम्मी पुढं बोलत असायच्या आणि मशीन गप्प. मग पुन्हा सुरू.

आपांच्या भावाचं म्हणणं असं, की अब्बांना काही वाटलंच नाही. सख्खा भाऊ गेला आणि हा माणूस दुसऱ्या दिवशी सुई ओवून बसला. तो हे लग्नात, ईदला, चारचौघांत बोलून दाखवायचा. आपांना त्या थांबण्याच्या जागा मिनिटासकट त्याच्या पुढ्यात ठेवायच्या होत्या. अब्बांनी दिलेली साक्ष म्हणायची तर तेवढीच.

यातलं त्या मला तेव्हा काही बोलल्या नव्हत्या. अम्मीची टेप आहे, एवढंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी आपांना परीक्षेच्या कामासाठी सिल्लोडला जावं लागलं. त्याच दुपारी पुण्याच्या मुलीनं आवाज साफ करायला शिकवलं. पंख्याचा, ट्रॅफिकचा असा सलग आवाज असेल, तर त्याचा लहानसा तुकडा निवडायचा, कॉम्प्युटरला सांगायचं की हा कचरा आहे, आणि तो सगळ्या फाईलमधून तेवढाच कचरा वेचून काढतो. सरावासाठी तिनं एक फाईल दिली होती, कुठल्याशा बसस्टँडवरची. सगळे ती घेऊन बसले. पण त्या ग्रंथपाल मॅडमना सरावात काय रस? त्यांनी म्हटलं, आपल्या आपांची फाईल साफ करून ठेवू, बिचाऱ्या उद्या आल्या की खूश होतील. अम्मीचा आवाज किती छान आणि मागं ही मेली घरघर.

आधी मूळ फाईलची नक्कल करून बाजूला ठेवा, असं ती मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली होती म्हणे. तेव्हा मी बाहेर समोसे आले का ते बघायला गेले होते.

घरघरीचा तुकडा निवडला, कचरा म्हणून दाखवला, काढला. थोडी उरली, म्हणून पुन्हा काढली. मग कॉम्प्युटरनं विचारलं, जुन्या फाईलच्या जागी ही ठेवू का? इतक्या अदबीनं मला त्या वर्षात कुणी काही विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर ते करताना बरं वाटलं होतं. कितीतरी महिन्यांनी काहीतरी वाटलं, आणि ते हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपा यायच्या आतच पुण्याच्या मुलीनं माझं काम ऐकलं, खूश झाली, आणि सगळ्यांना ऐकवायला मोठ्या स्पीकरवर लावलं. अम्मीचा आवाज स्वच्छ आला. जरा विहिरीत बसून बोलल्यासारखा, पण शब्दन् शब्द कळत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माऊसवाल्या सरांनीही. मी उभी राहून मान लववली. देवा, त्या बाईनं मान लववली. तेवढ्यात आपा दारातून आत आल्या आणि चपला काढता काढता थांबल्या.

त्यांनी विचारलं, "मशीन कुठंय?"

कुणाला काही कळेना. लॅबच्या साहेबांना वाटलं त्यांचं एखादं मशीन गेलं. ते मोजायलाच लागले. मी पुढं होऊन सांगितलं की मागचा आवाज मी काढला, आता बघा किती सुंदर झालंय. आपांनी हेडफोन लावला आणि सगळी फाईल पहिल्यापासून ऐकली. मध्ये उठल्या नाहीत. संपल्यावर हेडफोन काढून त्याची वायर नीट गुंडाळली, आणि मग अब्बांचं, भावाचं, शेळ्यांचं, सगळं मला सांगितलं. हळू आवाजात, वर्गात धडा सांगतात तसं. पुण्याची मुलगी ऐकत होती, तिचे डोळे भरले. जुनी फाईल परत काढायला ती संध्याकाळपर्यंत झटली, पुण्याला तिच्या सरांना फोन लावले. आली नाही. त्या जागेवर मीच नवी लिहून ठेवली होती.

आणि मी काय केलं? मला माफ करा म्हटलं. मग मधल्या सुट्टीत समोसा खाल्ला. गरम होता, चटणी जरा आंबट होती. हे मुद्दाम लिहिते आहे. रडायला पाहिजे, हे मला कळत होतं. समोर एक बाई बापाला दुसऱ्यांदा पुरून बसली होती आणि मी रुमाल शोधत होते, हाताचं तेल पुसायला. नणंद फार काही चुकीचं बोलली नव्हती.

शेवटच्या दिवशी सर्टिफिकेटं आणि सीड्या वाटल्या. आपांनी आपली घेतली, मला सलाम केला आणि रिक्षात बसून गेल्या.

थंडी ओसरायला लागली तेव्हा त्यांचा फोन आला. रविवारी पडेगावला या म्हणाल्या, लाल पेन्सिल घेऊन या. मी धाकटीला सांगितलं की आपा मला बोलावून चार शब्द सुनावणार आहेत. ती म्हणाली, जा, तुला पाहिजेतच. मी गेले.

त्यांनी अम्मीचं सगळं बोलणं कागदावर उतरवून ठेवलं होतं. माझ्यासाठी देवनागरीत, हातानं. म्हणाल्या, टेप माझी पुष्कळदा ऐकून झालेली आहे, मशीन कुठं थांबायची ते मला ठाऊक आहे, मी बोट वर केलं की तुम्ही त्या शब्दावर खूण करायची. मी विचारलं, हे तुम्ही एकट्या करू शकला असता की. त्यावर त्या म्हणाल्या, कुणीतरी साक्षीला पाहिजे, आणि तुमच्याइतकं मोकळं माणूस मला दुसरं कोण आहे? आम्ही दोघी हसलो. मी जरा जास्तच.

खिडकीपाशी मशीन होती, वर टेबलक्लॉथ आणि त्यावर भाच्याची पुस्तकं. कॉम्प्युटर भाच्याचाच, त्यात सीडी घातली. अम्मी बोलायला लागल्या. गाव सोडलं त्या पहाटेचं आलं आणि आपांचं बोट वर गेलं. मी खूण केली. पडक्या मशिदीत रात्र काढली तिथं बोट वर गेलं. अम्मीनं बांगड्या विकल्या तिथं गेलं नाही. आपा म्हणाल्या, इथं उलट जोरात चालवायचे. सगळं भराभर होत होतं. त्यांना एकेक जागा तोंडपाठ होती. मला वाटलं, चला, तितकं काही बिघडलं नाही.

मग मोठे अब्बा, म्हणजे अब्बांचे ते भाऊ, शेळ्या आणायला निघाले. अम्मी सांगत होत्या की त्यांनी दारात चप्पल घातली, तिचा अंगठा तुटलेला होता, म्हणाले, आल्यावर शिवतो. आपांचं बोट टेबलावरून उठलं आणि अर्ध्यात राहिलं. अम्मी पुढं गेल्या. आपांनी फाईल मागं घेतली. पुन्हा दार, पुन्हा चप्पल, पुन्हा अंगठा. बोट उठलं नाही. पुन्हा लावलं. आपांनी डोळे मिटले. अम्मीच्या आवाजामागं काहीच नव्हतं, अगदी साफ. मी स्वतः केलं होतं, दोनदा.

त्या जागेसाठीच तर सगळं होतं. भावाला तीच दाखवायची होती. चौथ्यांदा ऐकून झाल्यावरही आपा तशाच बसलेल्या पाहून मला राहवलं नाही. माझी जुनी खोड, दुसऱ्याचं काम सोपं करून द्यायची. मी म्हटलं, आपा, थांबलीच असणार. सख्खा भाऊ होता. कुणाचीही थांबेल. मी खूण करते, तुमचा भाऊ काय टेप मागणार आहे? आणि पेन्सिल टेकवलीसुद्धा.

आपांनी माझ्या हातावर हात ठेवून तो कागदावरून बाजूला केला. रागावल्या नव्हत्या. आवाजही चढला नाही.

"तिथं काय बी लिहू नका, ताई. थांबली असं बी नको, चालू होती असं बी नको. मला आठवंना."