आवडाबाईचं न पडणारं फूल

ठाकुर्लीला शेतांच्या कडेला आम्ही बिऱ्हाड केलं, तेव्हापासून आवडाबाई सकाळी भाजीची पाटी घेऊन दारात येऊ लागली. पाटी उतरवण्याआधी ती जावेचं गाऱ्हाणं उतरवायची. जाऊ म्हणजे लक्ष्मी. दोघींच्या चुली एकाच अंगणात.

"काल तिची म्हैस व्याली. पारडी झाली. आमच्या म्हशीला रेडा, तिच्या म्हशीला पारडी. देवीनं तिच्याशी सोयरीक केलीय गो बाई!"

मी हसायची, पण मला तिचं पटायचं. माझ्या लेकीला, शुभदाला, ज्या साथीत ताप आला, त्याच साथीत शेजारच्या मुलीलाही आला होता. ती उठून दोरीवरच्या उड्या मारू लागली आणि शुभदाचा डावा पाय लुळाच राहिला. देव मीही सोडले नव्हते. त्या मुलीच्या उड्यांचा आवाज आला की मी खिडकी लावून घ्यायची.

आवडाबाईचं मागणं एकच होतं. तिचा एकुलता मुलगा परशुराम लढाईच्या दिवसांत बोटीवर खलाशी म्हणून गेला, तो आलाच नाही. मेल्याची खबर नाही, असल्याचीही नाही. नवऱ्याच्या मागे तिला तेवढाच होता.

त्यांच्या गावदेवीला नवरात्रातल्या अष्टमीला कौल लावतात. भगत तगरीची दोन फुलं पाण्यात बुडवून मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवतो. बाई आपलं मागणं मोठ्यानं सांगते. उजवं फूल आधी पडलं तर देवी हो म्हणाली, डावं पडलं तर नाही. वर्षाला एकीला एकच मागणं. लक्ष्मीचं उजवं फूल ती बोलत असतानाच पडायचं. मुलाला पॉवरहाऊसमध्ये नोकरी लागली ती अशीच, नातू झाला तोही असाच. आवडाबाईचं मात्र कुठलंच फूल पडायचं नाही. दिवेलागणीला भगत दोन्ही फुलं काढून म्हणायचा, "देवीनं राखून ठेवलं." म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही.

तिच्यापायी सगळ्यांचा खोळंबा होतो म्हणून बायका तिला शेवटी बसवत. "आवडीला आधी बसवू नका गो, नायतर आज उपास घडंल!" यावर हसणाऱ्यांत लक्ष्मीचा आवाज सगळ्यांच्या वर. कौल मिळाल्यावर लक्ष्मी शिऱ्याची वाटी जावेकडे पाठवायची. आवडाबाई ती कोंबड्यांपुढे ओतायची. "त्यांनी तरी गोड खावं," मला सांगायची.

मग एका वर्षी भादव्याच्या अखेरीला लक्ष्मीच्या नातवाला, मधूला, विषमज्वर झाला. कल्याणचा डॉक्टर येऊन गेला, पण ताप उतरेना. आवडाबाई भाजी घेऊन यायची आणि जावेबद्दल चकार शब्द काढायची नाही. तिची गप्प पाटी मला बघवेना. अष्टमीला मी तिच्याबरोबर देवळात गेले.

लक्ष्मी पहिली बसली. मधूचं नाव घेतलं, आणि डावं फूल टपकन खाली आलं.

दौलत भगतानंही मान वर केली नाही. लक्ष्मी सरपटत मागे आली आणि आवडाबाईशेजारी बसून एकदम तिच्यावरच उसळली, "तुजं बरं हाय! तुला कधी नाय तरी बोलली नाय ती. माज्या तोंडावर बोलली!"

इतकी वर्षं जिचा हेवा केला, ती आज आपला हेवा करते, हे ऐकून आवडाबाईला बरं वाटलं असेल का? मला वाटलं असतं. एकेक बाई उठून गेली. शेवटी आवडाबाईची पाळी आली.

दौलतनं फुलं चिकटवली. "बोल आवडे. परशुरामचंच ना?"

"नाय. मधूचं लाव."

"त्याचं झालं की. देवीनं सांगितलं."

"तिनं लक्ष्मीला सांगितलं. मना कुठं सांगितलं? मागणं माजं हाय, मी कुणाचं पन मागीन."

"आणि पोराचं?" दौलतचा आवाज खाली आला. "मग वर्षभर इचारता यायचं नाय."

"त्याचं तिला ठावं हाय. इतक्या येळा सांगितलंय. बहिरी हाय काय ती?" मग ती जावेकडे वळली. "रडू नको. माजं फूल पडत नाय. एवढी एक गोष्ट माज्याकडं पक्की हाय."

तर्कशास्त्र घेऊन बी.ए. झालेली मी, ओलं फूल का चिकटतं हे मला सांगता आलं असतं. तरी वाऱ्यानं पाकळी हलली की मी डोळे मिटून घ्यायची. लक्ष्मीनं जावेचा पदर मुठीत धरून ठेवला होता. दिवे लागले. दोन्ही फुलं जागच्या जागी.

"राखून ठेवलं," दौलत म्हणाला. लक्ष्मीनं तोंडात पदर कोंबला.

मधूचा ताप पुढे हळूहळू उतरला. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. लक्ष्मीनं वाटी न पाठवता शिऱ्याचं पातेलंच जावेच्या चुलीपाशी आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आवडाबाईनं माझ्या दारात पाटी आदळली.

"बघितलंस? शेवटी तिचंच झालं! माज्या फुलानं पन तिचंच काम केलं!"

"शिरा कोंबड्यांना घातलात का?"

"मीच खाल्ला. तूप बरं टाकलं व्हतं रांडेनं."

"आणि परशुराम?"

ती भेंड्या निवडत राहिली. "पुढल्या अष्टमीला. ती बोलत नाय, पन ऐकते. माजा नवरा पन असाच व्हता." मग आत शुभदाकडे बघून मला म्हणाली, "तू पन ये. माज्या मागं बस. शेवटी बसलं की घाई नसते."

परशुराम आला नाही. आवडाबाई आजही शेवटीच बसते, आता लक्ष्मी तिच्या सोबतीला असते. मी दोनदा गेले. शुभदाचा पाय आहे तसाच आहे, आणि शेजारची मुलगी उड्या मारते तेव्हा अजून माझा हात खिडकीकडे जातो. पण त्या मुलीच्या आईपेक्षा मला आता आवडाबाईचाच हेवा जास्त वाटतो. परत येताना ती देवीला शिव्या घालत असते, आणि देवी ऐकतेय याची तिला जराही शंका नसते.