ह्यांचा पासवर्ड

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरशी माझा संबंध एवढाच, खंडेनवमीची पूजा. कोयता, खुरपं, विळी मांडून झाली की शेवटी त्याला हळदकुंकू वाहायचं आणि झेंडूची माळ घालायची. हे मागून ओरडायचे, "अगं, बटणांवर कुंकू सांडू नकोस!" दसरा झाला की फटींतलं कुंकू ब्रशनं काढत बसायचे. हायस्कुलात कारकून होते, त्यामुळे त्यांना यंत्राचा भारी सोस. मला त्यांनी कधी शिकवलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

मग ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कॉम्प्युटरवर मी चादर टाकली ती टाकलीच.

भेटायला येणारे कॉटशी उभे राहून, ह्यांच्या तोंडावर बोलायचे, "आता काय कळत न्हाय त्यांना." इंदापूरचे धाकटे दीर तर दर खेपेला. मी चहा ठेवायला उठायची. संताप यायचाच, पण खात्री तर मलाही नव्हती. हे माझ्याकडे बघायचे, पण त्या बघण्यात ओळख आहे की नाही ते उमगायचं नाही. हे आत आहेत का, एवढंच मला कळायला हवं होतं. डॉक्टरांना विचारलं की ते नुसतं "बघू" म्हणायचे.

लेकीनं फोनवर हट्टच धरला, "आई, सारखी घरात कोंडून राहू नकोस, काहीतरी शीक." म्हणून साठीला टेकलेली मी कन्हेरीहून बारामतीला कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागले. तेवढा वेळ शेजारच्या जाऊबाई ह्यांच्यापाशी बसायच्या.

पहिल्याच दिवशी मी माउस उचलून टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्यावर रोखला. सगळा वर्ग हसला. शिकवणारी मुलगी म्हणाली, "काकू, टेबलावरच फिरवा." मग म्हणाली, आता स्वतःचं नाव टाइप करा. मी सासरचं केलं. लग्नात ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं, तेच. माहेरचं नाव माहेरी, डाळजलाच राहिलं होतं. आई गेल्यावर त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. ह्यांनी तर ठेवलेल्या नव्या नावानंही कधी हाक मारली नाही. जन्मभर नुसतं "अगं".

पुढं पासवर्ड शिकवला. लिहाल ते कुणाला दिसत नाही, नुसते ठिपके उमटतात. तपासायचं असेल तर बाजूच्या डोळ्याच्या खुणेवर माउसचा बाण नेऊन दाबून धरायचं. मी थक्क झाले. लपवायचं आणि दाखवायची सोयही ठेवायची, म्हणजे कमालच की!

सरावाला म्हणून घरच्या यंत्रावरची चादर काढली, तर त्यानंही पासवर्ड मागितला. मी लेकीचं नाव घातलं. चूक. खंडोबा, गाव, शाळा, सगळं चूक. मग इकडं तिकडं बघून, लाजत माझं नाव घातलं. तेही चूक! अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं भाकऱ्या थापल्या त्या कुणासाठी?

रविवारी दीर आले, तेव्हाही यंत्र पासवर्ड मागतच उभं होतं. म्हणाले, "बारामतीत दुकान हाय. समदं पुसून देत्यात, नव्यासारखं."

"आणि आतलं? लेकीच्या लग्नाचे फोटो आहेत त्यात."

"ते जाईल की. दादाला तरी काय कळतंय आता, वहिनी?"

असं म्हणून ते वायर उपटायला वाकले. माझं डोकंच फिरलं. "हात लावू नका!" म्हणून मी ओरडले, कॉटला उशी लावून ह्यांना बसवलं आणि कीबोर्ड त्यांच्या मांडीवर आपटला. "बोलता येत नाही ना? मग दाबा. तुम्हीच घातलंय कुलूप, तुम्हीच काढा!"

ह्यांनी कीबोर्डकडे बघितलं. मग डावा हात सरकला. एक बोट एका बटणावर टेकलं आणि पडद्यावर ठिपका उमटला. बोट पुन्हा फिरलं, थांबलं, शोधत राहिलं, टेकलं. कुठलं अक्षर ते बघायचं भान मला नव्हतं. मी नुसतं बोट बघत होते.

"उगं कायबी दाबतोय," दीर म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

बोट थांबलं. ह्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. तपासायला म्हणून मी बाण डोळ्यावर नेला आणि दाबून धरला.

ठिपक्यांची अक्षरं झाली. ह्यांनी हे नाव लग्नपत्रिकेवर एकदा वाचलं असेल. मग त्यांनीच ते बदललं. आणि यंत्र घरात आल्यापासून रोज सकाळी ते उघडताना, माझ्याकडे पाठ करून, हे तेच लिहीत होते?

दीर माझ्या खांद्यावरून वाकून अक्षर अक्षर लावून वाचू लागले. मी एंटर दाबलं. यंत्र उघडलं.

"हे कुणाचं नाव हाय, वहिनी?"

"माझं," मी म्हणाले. कॉटवरून ह्यांनी हुंकार दिला.