क्लबची सीडी आणि काकांचे कान

रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून कानवाले काका सांगत, "हिचं बेअरिंग जाणार." आणि सांगून झालं की लगेच मागे वळून बघत, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून. इतका हुशार आणि इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. जर्मनीत, स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन उपनगरातल्या ज्या कंपनीत मी नवा नवा लागलो होतो, तिथे ते गिअरबॉक्सचे आवाज तपासत. आवाज गिळून टाकणाऱ्या भिंतींच्या एका बंद खोलीत बसायचं, ऐकायचं आणि पास की नापास ते सांगायचं. यंत्रं होतीच, पण शेवटचा शब्द काकांच्या कानांचा. म्हणून आम्हा मराठी मंडळींत ते कानवाले काका.

त्यांना कशाची भीती वाटत नसे ते विचारा. रविवारी मिक्सर लावायचा नाही, शेजारीण तक्रार करेल. तिकीट खिशात असलं तरी तपासनीस दिसला की कपाळावर घाम. "आपला व्हिसा नोकरीला बांधलेला आहे, बाबा," हे त्यांचं पालुपद. त्यांची मुलगी मुक्ता मराठीत विचारलेल्याचं उत्तर जर्मनमध्ये द्यायची. तिची शाळा इथेच पूर्ण व्हावी, तोवर आपण टिकावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

संगीताचं मात्र वेड. पण सीडी मागवायची ती पोस्टाने, सभासदांना घरपोच सीडी विकणाऱ्या एका क्लबमधूनच. दर तिमाहीला क्लबचा कॅटलॉग येई आणि त्यातलं काहीतरी निवडावंच लागे. नाही निवडलं तर क्लब आपल्या मर्जीने काहीही पाठवी. एकदा काकांचं कळवायचं राहून गेलं आणि घरी बव्हेरियन बँडबाजा येऊन पडला. परत करू या म्हटलं तर घाबरले, आणि अथपासून इतिपर्यंत ऐकून मोकळे झाले.

मी दुकानातून घेणारा. शनिवारी स्टुटगार्टला जायचं, दुकानात उभ्या उभ्या हेडफोन लावायचे, आवडलं तर घ्यायचं. काकांना ते कधीच पटलं नाही. "दुकानात ऑफिसातले लोक असतात. मी आवाज किती वाढवतो ते बघतील. पोस्टमन बघत नाही," ते म्हणत. मला हसू येई. त्यांना चिडवायला मी म्हणे, क्लबवाले सीडी स्वतः छापून घेतात, त्यात हलका माल असतो. माझे जर्मन मित्र तसंच म्हणायचे. त्यावर काका तावातावाने सांगत, की सीडी म्हणजे नुसते आकडे, ते कुठेही छापा, तेच राहणार.

आणि एका ऑक्टोबरात ते आपणहून म्हणाले, "तुझं खरं रे, निखिल. क्लबचा माल हलकाच."

मी जिंकल्याच्या आनंदात होतो. मग त्यांनी कारण सांगितलं. पुण्यात असताना कॅसेटवर ऐकलेली एक सिंफनी त्यांनी मागवली होती. तिच्या शेवटी, सगळी वाद्यं थांबत आलेली असताना, अगदी लांबून एक बारीक घंटा वाजते. क्लबच्या सीडीत ती घंटाच नव्हती. हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला होता. तेव्हा कुठे मला कळलं की माणूस सीडीबद्दल बोलतच नाहीये, स्वतःच्या कानांबद्दल बोलतोय. शनिवारी दुकानात येतोस का, असं त्यांनी विचारलं.

दुकानदार म्हातारा होता, भला होता. त्याने तीच सिंफनी काढून लावून दिली. काका डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि हेडफोन माझ्या हातात दिले. मी ऐकू लागलो. घंटा वाजू नये म्हणून मी देवाची प्रार्थना करत होतो. ती वाजली. मग काकांनी पिशवीतून क्लबची सीडी काढली. तीत वाजली तेव्हा तर मला वाटलं, सगळ्या दुकानाला ऐकू गेली असणार.

"वाजली?"

"दोन्हीत वाजली, काका."

"गेनाऊ, बरोबर," ते म्हणाले, आणि दुकानदाराचे आभार मानून त्यांनी ती दुसरी सीडीही विकत घेतली.

बाहेर फुटपाथवर आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. गेले काही महिने ते त्या खोलीत आवाज ऐकत नव्हते, शेजारी बसलेल्या जर्मन पोराच्या चेहऱ्याकडे बघून पास-नापास करत होते. "एखादा खराब गिअरबॉक्स माझ्या हातून सुटला असेल तर? त्या गाडीत कुणाची तरी मुलं बसली असतील, रे." भीती अशी खरी ठरलेली मी पहिल्यांदाच बघत होतो.

घरी एकट्याने सांगायचा त्यांना धीर नव्हता, म्हणून मी सोबत गेलो. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "अहो, मला केव्हाच कळलं होतं. बोलले तर खरं होईल, म्हणून गप्प बसले."

सोमवारी काका शेफच्या, म्हणजे आमच्या साहेबाच्या, केबिनमध्ये गेले. मी बाहेर उभा. रेल्वेतल्या तपासनीसाला घाबरणाऱ्या या माणसाने आत जाऊन स्वतःच सांगितलं, की मला ऐकू येत नाही, मी पास केलेला सगळा माल पुन्हा तपासा. बराच माल परत तपासावा लागला. करार संपला तो पुढे वाढला नाही. उन्हाळ्यात तिघं पुण्याला गेली. विमानतळावर मुक्ता हमसून हमसून रडत होती.

काका गेल्यावर शेफने मला बोलावून त्यांच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. मीच का, असं मी विचारलं. तो म्हणाला, त्या दिवशी उठता उठता काकांनी तुझं नाव दिलं. म्हणाले, त्याचे कान उत्तम आहेत, मी स्वतः तपासलेत.

तेव्हापासून मी त्या खोलीत बसतो. दार बंद झालं की आत काहीही ऐकू येत नाही, आणि गिअरबॉक्स सुरू होईपर्यंतच्या त्या शांततेत मी रोज घाबरतो.