सैल राहिलेले बोल्ट

नवी मुंबईत, पावण्याच्या एमआयडीसीत, रसायनांच्या टाक्यांचं वेल्डिंग चालतं त्या गल्लीत, शेवटून दुसरी शेड कृष्णात जगदाळेची. बाहेर पाटी नाही, कारण तिथं येणाऱ्याला पाटी लागत नाही. गाडी खड्ड्यात आपटून शॉकअप बसलेले, स्टेअरिंग वळवलं की कुठंतरी कुईकुई वाजणारे, असे सगळे लोक एकमेकांना विचारत त्याच्याकडे पोचतात.

कृष्णात पाटण तालुक्यातला. वडील तुर्भ्याच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर माथाडी. पोरानं पाठीवर गोण्या घेऊ नयेत म्हणून त्यांनी त्याला दहावीनंतर कळंबोलीला एका सरदारजीच्या गॅरेजात चिकटवला. तिथं तो ट्रकचे पाटे बदलायला शिकला, मग छोट्या गाड्यांकडे वळला आणि गाडीची चाकं आणि तिचा सांगाडा यांच्या मधल्या भागातच रमला. इंजिनात त्याला रस नव्हता. गाडी रस्त्यावर उभी कशी राहते, एवढंच तो बघायचा. त्याच्या हाताखाली पोरं आली आणि गेली. त्यानं आवळलेल्या नटाला दुसऱ्यानं पाना लावलेला मात्र त्याला खपायचा नाही. एकदा एका पोरानं सहज म्हणून त्याचा नट तपासला तर कृष्णात दोन दिवस त्याच्याशी बोलला नव्हता.

दिवाळीनंतर त्याची बायको गेली. ज्ञानेश्वरी सकाळी कोपरखैरण्याच्या घरात भाकरी थापत होती, डोकं दुखतंय म्हणाली, जरा पडते म्हणाली. दवाखान्यात नेईपर्यंत मेंदूतली नस फुटलेली होती. कृष्णात गावी गेला, जे करायचं ते सगळं केलं, भावकीतल्या माणसांना चहा दिला, आणि तेरावं झाल्यावर परत येऊन शेडचं शटर वर केलं. तो रडला नाही. पुण्याला नर्सिंगला असलेली मुलगी, उत्कर्षा, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली तेव्हा तो तिच्या पाठीवर हात फिरवत राहिला. पण हात आपला आहे असं त्याला वाटत नव्हतं. आत कुठंतरी दुखायला हवं, हे त्याला कळत होतं. त्या जागी नुसतं सुन्न होतं, दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर गाल असतो तसं.

शेजारच्या शेडमध्ये संघप्रिया कांबळेचं चाकं सरळ करायचं, अलाइनमेंटचं मशीन. तिशीतली बाई, नवऱ्याबरोबर धंदा सुरू केला होता. नवऱ्याला कंपनीत नोकरी लागली आणि मशीन तिनं एकटीनं चालवलं. कृष्णात गाडीखालचं काम करायचा आणि गाडी तिच्या रॅम्पवर चढवायचा, असं बरीच वर्षं चाललेलं. ती त्याला दादा म्हणायची.

"दादा, जेवलात का?" ती दुपारी विचारायची.

"हां," तो म्हणायचा. कधी जेवलेला असायचा, कधी नसायचा. त्याला स्वतःलाही नक्की सांगता आलं नसतं.

माघ महिन्यात मिथुन म्हात्रे गाडी घेऊन आला. घणसोली गावातला आगरी पोरगा, वडिलांच्या पश्चात चाळीची भाडी आणि पाण्याच्या टँकरचा धंदा सांभाळणारा. गाडी त्यानं इतकी खाली बसवून घेतली होती की स्पीडब्रेकरवर ती तिरकी घालायला लागायची. समोरून बघितलं तर दोन्ही चाकं वरून आत झुकलेली, फेंगडी.

"काका, नवीन टायर टाकले आणि आतल्या बाजूनं तार निघाली. आणि वळताना वर बॉनेटमधे ठकठक वाजतं. पण खाली बसवलेलीच पायजे हां. वर उचलायची नाय."

दुसरी एखादी वेळ असती तर कृष्णातनं त्याला चार गोष्टी ऐकवल्या असत्या. गाडी रस्त्यावर चालवायची असते, वरातीत नाचवायची नसते, असं काहीतरी. आता तो नुसता वाकला, टायरवरून आतून हात फिरवला, बॉनेट उघडून मिथुनला स्टेअरिंग वळवायला लावलं आणि शॉकअपच्या डोक्यावर बोटं ठेवली. रबराचं माउंटिंग फाटलं होतं. आतली बेअरिंग अडकत अडकत फिरत होती.

"वरची माउंटिंग बदलूया," तो म्हणाला. "सरकत्या प्लेटवाली येतात. त्यात शॉकअपचं डोकं बाहेर सरकवता येतं. डोकं बाहेर आलं की चाक सरळ उभं राहतं. गाडी खालीच राहील."

"चालंल, चालंल!"

"पण त्यात रबर नसतं. आत आवाज जास्त येणार."

"आवाज काय, गाणी लावतो ना मी," मिथुन हसला.

प्लेटा मिथुननंच एका ओळखीच्या दुकानातून आणल्या. ज्या सकाळी काम काढलं, त्या दुपारी त्याला आईला घेऊन कळंबोलीला मामेबहिणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. "होईल ना काका?" त्यानं विचारलं. होईल, कृष्णात म्हणाला, आणि झालंही. हात चालत होते. स्प्रिंग शिकंज्यात दाबली, जुनं माउंटिंग काढलं, नवी प्लेट बसवली, मधला नट टॉर्कच्या पान्यानं आवळला. डावीकडे, मग उजवीकडे. त्याच्या हातांना त्याची गरज नव्हती. तो जणू शेडच्या दारात उभा राहून आपले हात काम करताना बघत होता.

मग गाडी संघप्रियाच्या रॅम्पवर गेली. प्लेटीवरचे चार बोल्ट सैल करायचे, शॉकअपचं डोकं हळूहळू बाहेर ढकलायचं, संघप्रियानं पडद्यावरचे आकडे वाचायचे, जमलं की थांबायचं आणि बोल्ट आवळायचे. डावी बाजू झाली. उजवी बाजू झाली. "बस, बस, दादा. दोन्ही सारखी," ती म्हणाली. मग ती खाली वाकून पुढच्या चाकांची तोंडं सरळ करत बसली, कारण वरचं हललं की तेही हलतं. कृष्णातनं बॉनेट लावलं.

मधे काही झालं नव्हतं. फोन आला नव्हता, कुणी हाक मारली नव्हती. पुढं किती तरी दिवस तो ते आठवायचा प्रयत्न करत होता आणि त्याला काहीच सापडत नव्हतं. डाव्या बाजूचे बोल्ट त्यानं आवळले होते. उजव्या बाजूचे बोटानं फिरवून तसेच सोडले होते. गल्लीत एक चक्कर मारून आणली तेव्हा सगळं घट्ट धरून होतं. मिथुन खूश होऊन गाडी घेऊन गेला.

तासाभरानं संघप्रियाच्या फोनवर त्याचा फोन आला. ती ऐकता ऐकता उठून उभी राहिली.

"दादा, मिथुनची गाडी तुर्भ्याजवळ थांबलीये. खड्ड्यात गेली आणि ठाणकन आवाज झाला, स्टेअरिंग एकदम डावीकडं ओढलं म्हणतो. मागं ट्रक होता. थोडक्यात वाचले."

कृष्णातनं हत्यारांची पिशवी घेतली आणि तिच्या स्कूटरवर मागं बसला. ठाणे-बेलापूर रोडला ट्रकांची रांग लागली होती. आपल्याला आता भीती वाटायला हवी, असा विचार त्याच्या मनात आला. तो वाट बघत राहिला. भीती आली नाही. हे त्याला विचित्र वाटलं, पण तेही दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकावं तसं.

गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. उजवं चाक पुन्हा आत झुकलेलं. मिथुन इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात घामाघूम झाला होता. त्याची आई, सुमित्राबाई, नऊवारी साडी आणि गळ्यात ठसठशीत सोनं अशा थाटात फुटपाथच्या कठड्यावर बसली होती, पाण्याची बाटली मांडीवर धरून.

कृष्णातनं बॉनेट उघडलं. डाव्या प्लेटीला हात लावला, घट्ट. उजवीकडे शॉकअपचं डोकं खाचेतून सरकून पार आतल्या टोकाला गेलं होतं. त्यानं एका बोल्टवर बोट ठेवलं. बोल्ट बोटानं फिरला. दुसराही फिरला.

"प्लेट फॉल्टी निघाली ना?" मिथुन मागून म्हणाला. "मला वाटलंच. मी त्या दुकानवाल्याला सोडत नाय आता. आत्ता फोन लावतो."

कृष्णात बोल्टकडे बघत राहिला. हो म्हटलं असतं तर कुणालाच कळलं नसतं. संघप्रियाला कदाचित कळलं असतं. ती काही बोलली नसती.

"प्लेट चांगली हाय," तो म्हणाला. "म्या आवळलंच न्हाई. या बाजूचे बोल्ट."

मिथुनला आधी ते कळलंच नाही. "म्हणजे?"

"विसरलो."

"विसरलो?" मिथुनचा आवाज चढला. "काका, मागं माझी आई बसलीये! ट्रक घासून गेला बाजूनं! मी म्हटलं दुसऱ्या कुनाकडं जायला नको, कृष्णातकाका म्हणजे टेन्शन नाय, आणि तुमी विसरलो म्हणता?"

तो बरंच बोलला. त्यातले काही शब्द वाईट होते. कृष्णात मान खाली घालून उभा राहिला, कारण उभं राहायला हवं होतं. संघप्रिया मधे पडू बघत होती, त्यानं हातानंच तिला थांबवलं. रस्त्यावरून ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकबरोबर धूळ आणि गरम हवा अंगावर येत होती.

"मिथुन, गप जरा," सुमित्राबाई म्हणाली. मग कृष्णातकडे वळून, "बाला, हिकरं ये. बस."

तो जाऊन कठड्यावर बसला. तिनं बाटली पुढं केली. तो पाणी प्यायला.

"तुजे घरान कोन कोन हाय?"

साधा प्रश्न होता. गेल्या काही महिन्यांत लोकांनी त्याला धीर दिला होता, आठवणी सांगितल्या होत्या, हे असं कुणी विचारलं नव्हतं, कारण सगळ्यांना माहीत होतं. या बाईला माहीत नव्हतं.

"मुलगी हाय. पुण्याला असती." तो थांबला. "बायको न्हाई. गेली. दिवाळीनंतर."

हे वाक्य त्यानं स्वतःच्या तोंडानं पहिल्यांदाच म्हटलं होतं. त्याला वाटलं, आता काहीतरी होईल. काही झालं नाही. त्यानं बाटलीतून आणखी एक घोट घेतला.

मिथुननं हातातला फोन खिशात ठेवला.

सुमित्राबाई म्हणाली, "याचा बापूस गेला ना, तवा मी सगला करायची. चूल पेटवायची, पोरांना जेवू घालायची. सगली बोलत, बाय खंबीर हाय. एक दिस पोरगी शाळेतशी आयली, तं दाराला कुलूप. मी तिला घ्यावाला गेलूच नवती. खाडीवर जाऊन बसलू होती. का गेलू, कवा गेलू, काय बी ठावं नाय." तिनं त्याच्या हातातून बाटली घेऊन झाकण लावलं. "तू एकल्यान काम नको करू सध्या. कोनाला तरी बघाला लाव."

कृष्णातनं मान हलवली. मग उठला, शॉकअपचं डोकं डाव्या बाजूइतकंच बाहेर ओढलं, बोल्ट आवळले, एकेक करून, आणि पाना संघप्रियाच्या हातात दिला.

"तू बघ जरा."

संघप्रियानं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं हे कधी म्हटलं नव्हतं. तिनं पान्याचा एकेक हिसका देऊन आठही बोल्ट तपासले. "घट्ट आहेत, दादा."

मिथुननं आईला रिक्षात बसवून कळंबोलीला पाठवलं आणि स्वतः गाडी हळूहळू चालवत पावण्याला परत आणली. संघप्रियानं ती पुन्हा रॅम्पवर घेतली, सगळं पहिल्यापासून बघितलं. कृष्णात बाजूला स्टुलावर बसून राहिला. जाताना मिथुन त्याच्यासमोर उभा राहिला. "येतो, काका," एवढंच म्हणाला.

त्या संध्याकाळी शटर ओढताना कृष्णातला वाटलं, आपण शेड बंद ठेवावी. पण घरी काय करणार, हेही त्याला माहीत होतं. तेव्हा त्यानं संघप्रियालाच सांगितलं, उद्यापासून मी आवळलेला प्रत्येक नट तू बघायचास. न बघितलेली गाडी बाहेर जाणार न्हाई.

"चालेल," ती म्हणाली. "मी खूण करीन. मला पण बरं, लक्षात राहील."

तिनं पिवळ्या ऑइलपेंटची डबी आणली. पाना लावून बघितलेल्या नटावर ती एक रेघ मारायची. पहिल्या दिवशी ती वाकली तेव्हा कृष्णात तोंड फिरवून बाहेर जाऊन उभा राहिला. मग सवय झाली. गिऱ्हाईकं विचारायची, हे काय नवीन? काही जण हसायचे, एवढा जुना मिस्त्री आणि बाई तपासते म्हणून.

"मी विसरतो," कृष्णात सांगायचा.

चैत्रात तिला एक नट सैल सापडला, एका शाळेच्या व्हॅनच्या मागच्या चाकाला. तिनं हाक मारली. तो आला, बघितलं, पुन्हा आवळला. या वेळी मात्र त्याच्या कपाळावर घाम आला. तो व्हॅनच्या पायरीवर बसला. संघप्रियानं विचारलं, "काय होतंय, दादा?"

"भ्या वाटलं," तो म्हणाला, जरा नवल वाटल्यासारखा.

मिथुन पावसाळ्याच्या आधी टायर दाखवायला आला. आतून-बाहेरून सारखेच झिजलेले. आवाज मात्र फार येतो, आई मागं बसली की कुरकुर करते, म्हणाला. मग इकडं तिकडं बघून त्यानं विचारलं, "काका, अजून एक इंच खाली जाईल का?"

"न्हाई," कृष्णात म्हणाला. "गाडी खड्ड्यात घासंल. आईला बसवायची असती तुला."

मिथुननं फार ताणलं नाही. कृष्णातनं त्याची गाडी जॅकवर घेतली, खाली वाकून सगळं एकदा पाहिलं आणि संघप्रियाला हाक मारली. ती हात पुसत आली. तोवर त्यानं पाना तिच्यासाठी काढून ठेवला होता.