हसनभाईंचा होकार

दर शुक्रवारी नमाज आणि जेवण उरकलं की हसनभाई टीव्हीवर तोच जुना कृष्णधवल इंग्रजी युद्धपट लावायचे. प्रेमाचा प्रसंग आला की उठून पडद्याला पाठ लावून उभे राहायचे. "पोरं बसलीत," म्हणायचे, आणि मागे काय चाललंय ते स्वतःच सांगायचे. "काय नाय, बोलतायत दोघं. ती विचारते, जेवलास काय?" इमारतीतली मुलं खिदळायची.

आखातात, अल मन्सूरा वस्तीत, ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मूळचे रत्नागिरीकडचे, एका कंपनीच्या गोदामावर सुपरवायझर. बायको गेल्यावर मुलीला, नझनीनला, त्यांनी एकट्याने वाढवलं. मी नाशिकची, मासे साफ करायला मला त्यांनीच शिकवलं. "भाभी, तुमी घाबरता कोणाला? तो मेलेला हाय."

त्या सिनेमात एका सैनिकाचं शत्रूच्या मुलखातल्या शिक्षिकेवर प्रेम बसतं. तिच्याशी बोलायलाही बंदी. लग्न करायचं तर कॅप्टनची परवानगी हवी. कॅप्टन भला माणूस, पण आज देतो, उद्या देतो करत राहतो. तेवढ्यात पलटण हलते आणि सैनिक मारला जातो. हसनभाई दर वेळी नव्याने चिडायचे. "हात मोडला होता काय याचा? नाय तरी बोल! असा भला माणूस काय कामाचा?"

नझनीन फिजिओथेरपिस्ट झाली. तिच्याच क्लिनिकमधल्या रफीकशी तिला लग्न करायचं होतं. मुलगा नर्स, नमाजी, शांत; सगळं जागच्या जागी. फक्त कोकणातला नव्हता, केरळचा होता. निकाहला बापाची संमती लागते, आणि बापाला डावलून तिला काही करायचं नव्हतं.

हसनभाई नाही म्हणाले नाहीत. रफीकला त्यांनी घरी बोलावलं, पापलेट खाऊ घातलं, त्याच्या आईची तब्येत विचारली. तो गेल्यावर मी विचारलं, "मग?"

"पोरगा सोन्यासारखा हाय."

"म्हणजे हो?"

"इन्शाल्ला, बघू. गावात जमातीला विचारायला हवा."

ईद आली, सुट्टी आली, ते गावाला जाऊन परत आले. जमातीला विचारलंच नव्हतं. "विचारला आणि नाय बोलले तर?" नझनीन माझ्या स्वयंपाकघरात येऊन इंग्रजीत रडायची आणि मग मराठीत म्हणायची, "आंटी, तुम्ही सांगा ना अब्बांना." मी सांगितलं, एकदा नाही, अनेकदा. एका शुक्रवारी सरळच बोलले, "हसनभाई, त्या कॅप्टनला शिव्या देता, आणि तुम्ही वेगळं काय करताय?"

त्यांना राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. "भाभी, तो सिनेमा हाय," ते म्हणाले. "हो बोललो तर गावात तोंड नाय. नाय बोललो तर पोरगी जाईल. बघू बोललो की दोघंव माझ्याजवळ ऱ्हातात."

अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

नोकरी संपली तशी ते गावी गेले. नझनीन इथेच, शहराबाहेरच्या लुसैलला, मैत्रिणीबरोबर राहायला लागली.

परवा सकाळी त्यांचा फोन आला. आवाज मोकळा, मजेत. "भाभी, जमातीला विचारला. कोण काय बोलला नाय! सगळे बोलले, तुमची पोरगी, तुमची मर्जी. उगाच घाबरलो एवढा. आज तिला सांगतो, कर लग्न."

मी चहाचा कप खाली ठेवला. "हसनभाई, रफीकचं लग्न झालं. गेल्या महिन्यात, त्याच्या गावी. आई आजारी होती, ती थांबायला तयार नव्हती."

पलीकडे कोंबडा आरवला.

"नझनीनला म्हाईत हाय?"

"तिनेच मला सांगितलं."

"मला नाय बोलली ती."

"तुम्हाला काय बोलणार? तुम्ही कधी नाही म्हटलंच नव्हतं."

त्यांनी फोन ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला. ऑफिसला उशीर होत होता.